मामीबरोबर इटलीत जेवताना

मामीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, लग्नाच्या आधीपासूनची. मटण नाही, मासा नाही, अंडं नाही, केकसुद्धा विचारून खाणार. मामा वीजमंडळातून निवृत्त झालेले. तीस वर्षं जिथं ड्युटी तिथं जेवण, त्यामुळे त्यांना गाय सोडून सगळं चालतं, फक्त ते कराडच्या घरात शिजत नाही. या दोघांना घेऊन मार्चअखेर मी सात दिवस इटलीत होते. व्हिसा, विमान, हॉटेलं सगळं वेळेवर झालं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. जेवणाबद्दल मात्र बरंच आहे, आणि त्यात माझी एक चूकही आहे.

दिवस पहिला : रोम

हॉटेलात सामान टाकून बाहेर पडलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि तिघांच्याही पोटात कावळे. रोममध्ये चार वाजता भूक लागणं हीच पहिली चूक. बऱ्या हॉटेलांची स्वयंपाकघरं साडेबाराला उघडतात, अडीच-तीनला बंद होतात आणि मग संध्याकाळी साडेसातच्या आधी चूल पेटत नाही. दिवसभर उघडी असतात ती प्रसिद्ध कारंज्यांच्या आणि चौकांच्या आसपासची. दारात एक माणूस मेन्यू घेऊन उभा असतो, मेन्यूत पदार्थांचे फोटो असतात, आणि तो माणूस तुम्हाला "नमस्ते" म्हणतो. आम्ही त्या नमस्तेला भुललो.

मामांनी काचेमागे बर्फावर ठेवलेला मासा बोटानं दाखवला. मेन्यूत त्याच्यापुढे ८ युरो लिहिलेलं मी वाचलं होतं. बिल आलं तेव्हा एकट्या माशाचेच ६० युरो. आठ या आकड्याच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात 'एत्तो' असं होतं, आणि एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. मासा भरला होता साडेसातशे. वाद घालायला जागाच नव्हती, छापलेलं होतं सगळं. मामा बराच वेळ त्या बिलाकडे मीटरचं रीडिंग चुकल्यासारखे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढ्यात रत्नागिरीला जाऊन, मासा खाऊन, मुक्काम करून परत आलो असतो."

तेव्हा मासा घ्यायचा असेल तर आधी वजन करून, किंमत बोलून घ्यायची. तसं विचारण्यात तिथं कुणाला कमीपणा वाटत नाही. दुसरं, इटलीत बऱ्याच ठिकाणी बिलावर 'कोपेर्तो' येतं, म्हणजे टेबलावर बसल्याचे माणशी दोनेक युरो. रोम ज्या लाझियो प्रांतात आहे तिथं २००६ च्या कायद्यानं ते लावता येत नाही, म्हणून त्याऐवजी 'पाने' असं लिहून पावाचे पैसे घेतात. पाव नको असेल तर टोपली टेबलावर येते तेव्हाच परत पाठवायची. टिपेची सक्ती नाही. आम्ही सुटे एक-दोन युरो ठेवत होतो, तेवढ्यावर लोक खूश होते.

दिवस दुसरा : रोम, पाऊस

सकाळपासून रिपरिप. टेस्ताच्चो भागात गेलो. इथं १८९० च्या सुमारास शहराचा मोठा कत्तलखाना उभा राहिला आणि १९७५ ला बंद पडला. कामगारांना मजुरीबरोबर जनावराचं जे कुणाला नको ते मिळायचं : आतडी, शेपूट, जीभ. त्यातून रोमचं खास जेवण तयार झालं. अर्थात हे मी मामीला सांगितलं नाही. "जुनी वस्ती आहे, जेवण चांगलं मिळतं," एवढंच.

मामांना मात्र चार शब्द पाठ करायला लावले. मान्झो म्हणजे मोठ्या जनावराचं मांस, वितेल्लो म्हणजे वासराचं, माइयाले डुकराचं, पोल्लो कोंबडी. मामांनी ते खिशातल्या डायरीत देवनागरीत लिहून घेतले आणि मान्झो-वितेल्लोवर फुली मारली. ही डायरी पुढे महागात पडणार होती.

खानावळ लहानशी, कागदी टेबलक्लॉथ, भिंतीवर फुटबॉलचे फोटो. अशा जागेला तिकडे त्रात्तोरिया म्हणतात. मेन्यू पाच भागांत असतो : सुरुवातीचे आंतिपास्ती, मग पास्त्याचे प्रकार म्हणजे प्रीमी, मांस-मासे म्हणजे सेकोन्दी, भाज्या म्हणजे कोन्तोर्नी, शेवटी गोड. सगळं मागवलंच पाहिजे असं नाही. पण एकच पदार्थ मागवून तिघांत वाटून खाऊ लागलात तर वेटरचा चेहरा पडतो. भाजी वेगळी मागवावी लागते, ती पास्त्यानंतर येते, आणि पोळीशी लावून खायला कुणी देत नाही. मामीला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "भाजी नुसतीच खायची? मग आधी काय नुसतीच कणीक खाल्ली व्हय?"

मामांनी कार्बोनारा घेतला, अंड्याचा बलक आणि डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस घातलेला. मामीसाठी मी काचो ए पेपे मागवला. त्यात चीज आणि मिरी, बस्स. पास्ता उकळलेल्या गढूळ पाण्यात पेकोरीनो नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज किसून फेटतात आणि त्या पाण्यातल्या पिठानंच ते मऊसूत सायीसारखं होतं. नीट जमलं नाही तर चीजच्या गुठळ्या होतात. आमच्या ताटात गुठळी नव्हती. वर भरड कुटलेली मिरी, भाजून घेतलेली, तिचा वास टेबलावर ठेवायच्या आधी आला.

मामीनं पहिला घास चावला आणि थांबली.

"कच्चंच ठेवलंय गं."

"असाच असतो मामी. मधे जरा कणी ठेवतात."

"भाताला कणी ठेवली तर सासू बोलायची," असं म्हणत तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. मिरीचा ठसका तिला आवडला. ताट संपल्यावर राहिलेलं ती पावाच्या तुकड्यानं पुसून घेणार होती, पण आजूबाजूला बघून तिनं हात मागे घेतला. वेटरनंच खूण केली, घ्या घ्या. याला त्यांच्याकडे शब्दही आहे, स्कार्पेत्ता, म्हणजे छोटा जोडा. मामीनं ताट इतकं लख्ख केलं की घासायला टाकायची गरज नव्हती.

आता माझी चूक. दूध विरजून चीज करायला रेनेट लागतं, आणि इटलीच्या जुन्या, नावाजलेल्या चीजमध्ये ते जनावराच्या पोटातून काढलेलं असतं. पेकोरीनोत कोकराचं, पार्मिज्जानोत वासराचं. हे मी निघायच्या आधी वाचलं होतं. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असतो, त्यातलं रेनेट मांसाहारी नसतं, म्हणून मामीच्या लेखी चीज म्हणजे दूध आणि दूध म्हणजे शाकाहारी. सात दिवस ती खाणार काय, असा विचार करून मी गप्प बसले. चमच्याएवढ्या गोष्टीसाठी सहल कशाला नासवा, अशी मनाची समजूत घातली. मामी समोर बसून "छान होतं हो" म्हणत होती आणि मी पाण्याचा ग्लास भरत होते.

दिवस तिसरा : रोम, ऊन

पाऊस गेला आणि शहर धुवून वाळत घातल्यासारखं दिसू लागलं. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रोममध्ये गल्लोगल्ली लोखंडी नळ आहेत, अखंड वाहणारे, वाकड्या नाकासारखी तोटी म्हणून नाव नाझोने. १८७० च्या दशकापासूनचे आहेत. तोटी बोटानं बंद केली की वरच्या बारीक भोकातून कारंजं येतं आणि थेट तोंड लावता येतं. मामांनी ते प्रत्येक नळावर करून पाहिलं आणि शर्ट दोनदा भिजवला.

दुपारी ज्यू वस्तीत गेलो. पोपनं १५५५ मध्ये रोमच्या ज्यूंना नदीकाठच्या या पूर येणाऱ्या तुकड्यात भिंतीआड कोंडलं होतं, ते तीनशे वर्षांहून अधिक काळ. त्या गल्ल्यांतून जो पदार्थ आला तो आता सगळं रोम मिरवतं : कार्चोफी आल्ला जुदिया, म्हणजे तळलेला आर्टिचोक. मार्च हा त्याचा भर हंगाम. हॉटेलाच्या दारातच एक जण टोपलीभर आर्टिचोक घेऊन सोलत बसला होता. मामी तिथंच थबकली.

"हे केळफुलासारखंच की!"

खरंच तसंच. बाहेरची राठ पानं काढत जायची, टोकं छाटायची, बोटं काळी होतात, आणि चिरलेलं लगेच काळं पडतं म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकायचं. मामी म्हणाली, आम्ही ताकात टाकतो. सोलणाऱ्यानं मान वर केली आणि हिंदीत विचारलं, "इंडिया से?" तो बांगलादेशातल्या शरियतपूरचा. बारा वर्षं रोममध्ये, त्यातली आठ याच स्वयंपाकघरात. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या पानात येणारं रोमचं अर्धं जेवण बंगाली हातांनी शिजतं. पुढे ज्या ज्या स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं दिसलं तिथं मी डोकावून पाहिलं आणि माणूस काही खोटं बोलला नव्हता.

त्यानं मामीला आर्टिचोकचे दोन प्रकार समजावून सांगितले. रोमन पद्धतीच्या आर्टिचोकात पुदिन्यासारखा पाला, लसूण, तेल, आणि कुठे कुठे पांढरी वाईन. ज्यू पद्धतीचा नुसता तेलात, पण दोनदा तळलेला. मामीनं दुसरा घेतला. ताटात आला तेव्हा शेवंतीचं फूल उलटं दाबून ठेवावं तसा दिसत होता, बाहेरच्या पाकळ्या कुरकुरीत, कांद्याच्या भज्याच्या कडेसारख्या, आणि मधला गड्डा लोण्यासारखा. मामीनं दोन खाल्ले. सहलीतलं तिचं सगळ्यात आवडतं जेवण हेच, असं ती अजून सांगते.

माळकरी किंवा जैन मंडळी बरोबर असतील तर या भागात एक सोय आहे. कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे नियम पाळणाऱ्या हॉटेलांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्यामुळे दुधाच्या पदार्थांचं जे हॉटेल असतं तिथं मांस नसतंच. मासा मात्र असतो, तो विचारून घ्या. आणि शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ त्यांचा शब्बाथ, तेव्हा बंद.

दिवस चौथा : बोलोन्या

रोमहून वेगवान गाडीनं दोन तासांत बोलोन्या. इथं पावसाची भीती नाही, कारण सगळ्या शहराला पडवी आहे. जुन्या भागातच कमानींच्या झाकलेल्या वाटा ३८ किलोमीटर, २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत. मामा म्हणाले, छत्री विकणारा इथं उपाशी मरेल.

मी दुपारची पास्ता शिकवणी ठरवली होती. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, मनगटं पैलवानाची, हातभर लांब लाटणं. हाताने पास्त्याची पोळी लाटणाऱ्या बाईला तिकडे स्फोलीना म्हणतात आणि शहरात त्यांना मान आहे. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, हे त्यांचं प्रमाण. पोळी इतकी पातळ की तिच्यातून पलीकडच्या टेकडीवरचं सान लुका देऊळ दिसलं पाहिजे, अशी म्हण. मग ती गुंडाळून सुरीनं पट्ट्या कापायच्या, त्या ताल्यातेल्ले. शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. १९७२ मध्ये हे माप सोन्याची पट्टी करून तिथल्या व्यापारी मंडळात ठेवलं आहे. दुभाषा मुलीनं हे सांगितल्यावर मामी माझ्या कानात म्हणाली, "सोनं जास्त झालंय यांना."

पण अंडं म्हटल्यावर मामीनं हात पदराखाली घेतले. सिन्योरांना, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंना, कळलं. त्यांनी काही न विचारता नुसतं पीठ आणि पाणी घेऊन वेगळा गोळा मळला. याचा जो प्रकार होतो त्याला म्हणतात स्त्रोत्साप्रेती. शब्दशः अर्थ, पाद्र्याचा गळा घोटणारे. जेवायला येऊन उठायचं नाव न घेणाऱ्या पाद्र्याच्या घशात अडकावेत म्हणून. मामांना हे इतकं आवडलं की त्यांनी लगेच भाषांतर केलं, "भटजीचा फास", आणि गावच्या कुणाकुणाला कसे घालायचे याची यादी सुरू केली.

पट्टी दोन तळव्यांत धरून एकदाच पुढे घासायची, पीळ पडतो, बोटभर लांब झाला की तोडायचा. मामीचे पहिले चार सिन्योरांनी परत गोळ्यात टाकले. पाचवा ठेवला. दहाव्यानंतर मामी बघतही नव्हती, हात आपोआप चालले होते. मग तिनं त्या गोळ्यातला गुंजभर तुकडा घेतला, अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवला, आणि फळीवर ठेवला. दोन्ही टोकांना निमुळता, मधे फुगीर, गव्हाच्या दाण्याएवढा. गव्हला! त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा. मग एक कण अंगठ्याच्या नखावर दाबून सोडवला. त्याची झाली नखुली, बारीकशी वाटी. लग्नघरात आठ-आठ बायका बसून रुखवतासाठी हे करतात ते मी लहानपणी पाहिलं होतं, पण मामी करते हे मला माहीत नव्हतं.

सिन्योरांनी चष्मा लावला. खाली वाकून गव्हला तळहातावर घेतला. मग स्वतः करायला बसल्या आणि त्यांचा झाला जाड, बोरीच्या बीसारखा. मामीनं तो उचलून सरळ गोळ्यात परत टाकला. एक शब्द बोलली नाही. मघाचे चार फिटले. सिन्योरा इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

याला सॉस कोणता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दूध आणि साखर, वर वेलची. त्यांचं हसू तिथल्या तिथं मावळलं. पास्ता? साखरेत? त्यांनी दुभाषा मुलीला पुन्हा विचारायला लावलं, ऐकण्यात चूक तर नाही ना म्हणून.

शेवटी आपापलं केलेलं आपण खायचं. मामांसाठी ताल्यातेल्ले, पण बोलोन्याच्या प्रसिद्ध रागूत, म्हणजे मांसाच्या सॉसमध्ये, मान्झो असतं, म्हणून त्यांना हॅमची. मामीचे भटजीचे फास टोमॅटोत. सिन्योरा पार्मिज्जानोचा तुकडा आणि किसणी घेऊन आल्या आणि मामीकडे बघून भुवया उंचावल्या. मामीनं मानेनं हो म्हटलं. बर्फ पडावा तसं चीज पडत होतं आणि मी गप्प.

निघताना मामीनं सिन्योरांकडून एक लाटणं विकत घेतलं, मात्तारेल्लो, ८० सेंटिमीटर. बॅगेत मावत नव्हतं. कराडला पोळपाटावर मावणार नाही हेही आम्ही सांगितलं. ते घेतलंच.

दिवस पाचवा : चीजचा कारखाना

कारखाना हा शब्द बरोबर नाही, मोठी गवळणीची ओसरीच म्हणायची. रेज्जो एमिलियाकडच्या शेतांमधली. इथं होतं ते पार्मिज्जानो, आणि तेही सकाळीच, त्यामुळे आठच्या आत पोचावं लागतं. त्यानंतर गेलात तर फक्त धुतलेली भांडी दिसतात.

उलट्या घंटेसारख्या तांब्याच्या कढया, जमिनीत रोवलेल्या. संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वरची साय काढतात, त्यात सकाळचं ताजं दूध मिसळतात. घट्ट झालेलं दही तारेच्या भल्यामोठ्या रवीनं फोडतात, ५५ अंशांपर्यंत तापवतात, मग दोन माणसं कापडाची झोळी करून तळाशी बसलेला गोळा वर काढतात. एका कढईतून दोन चाकं. एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध, वजन चाळीस किलोच्या आसपास. मग मिठाच्या पाण्यात तीन आठवडे आणि फळीवर कमीत कमी बारा महिने. मामी खेड्यातल्या दुधाच्या घरची. तिला एकेक पायरी सांगायच्या आधी कळत होती. झोळी वर आली तेव्हा ती चक्क म्हणाली, "आता पिळू नका, निथळू द्या," आणि त्यांनी निथळू दिलं.

कढयांजवळ गमबूट घातलेला एक सरदारजी होता, जालंधरकडचा. या पट्ट्यातल्या गोठ्यांमध्ये पंजाबी लोक बरेच आहेत, जवळच्या नोव्हेल्लारात मोठा गुरुद्वाराही आहे. तो मामांशी म्हशींच्या किमतीबद्दल बोलत होता. तेवढ्यात गाइड मुलगी म्हणाली की यात तीनच गोष्टी असतात : दूध, मीठ आणि काल्यो दि वितेल्लो.

मामांची मान वळली. "वितेल्लो?" त्यांनी खिशातून डायरी काढली. "वितेल्लो म्हणजे वासरू न्हवं?"

गाइडचं इंग्रजी मी मराठीत करायच्या आधी सरदारजीनं मामीला सांगून टाकलं, "हां आंटीजी, बछड़े के पेट की चीज़ है. उसी से दूध जमता है."

मामी माझ्याकडे वळली.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासनं?"

"निघायच्या आधीपासून."

पुढे चव घ्यायचं टेबल होतं, बारा, चोवीस आणि छत्तीस महिन्यांचे तुकडे लाकडी फळीवर मांडलेले. छत्तीसवाल्यात मिठाच्या खड्यासारखे कण लागतात म्हणे. मामांनी खाल्ले, मी एक तुकडा तोंडात टाकला आणि तो बराच वेळ गिळता येईना. मामी हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसली होती.

परतीच्या गाडीत ती बोलली. "आमच्यात गाय व्याली आन् वासरू मेलं तर पेंढा भरलेलं कातडं पुढं उभं करायचे, गाईनं पान्हा सोडावा म्हणून. दुधाच्या धंद्यात वासराचं कोण बघतं? हितंबी न्हाई आन् तिथंबी न्हाई." थोडं थांबून, "पण माळ माझ्या गळ्यात हाय. खायचं का न्हाई ते मला ठरवू द्यायचं होतंस."

मी सॉरी म्हटलं. तिनं मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. त्या रात्री ती जेवली नाही. दोन संत्री खाल्ली आणि खोलीत हरिपाठ म्हणत बसली. मामा आणि मी कमानींखालून उगाच हिंडत राहिलो.

इथं चार शब्द लिहून ठेवा, मी वेळेवर वापरले नाहीत ते. काल्यो म्हणजे रेनेट. 'काल्यो वेजेताले' असं लिहिलेलं असेल तर वनस्पतीचं. 'सेन्झा फोर्माज्जो' म्हणजे चीज नको. 'ऊओव्हो' म्हणजे अंडं. ताज्या पास्त्यात बहुतेक असतंच, सुक्या पास्त्यात बहुतेक नसतं. आणि भाजीच्या सूपचा 'ब्रोदो', म्हणजे त्यातलं उकळलेलं पाणी, कशाचा आहे ते विचारा.

दिवस सहावा : नापोली

बोलोन्याहून नापोली साडेतीन तास. स्टेशनबाहेर पाऊल टाकल्याबरोबर मामा म्हणाले, "आता जरा घरी आल्यासारखं वाटलं." हॉर्न, दोरीवर कपडे, स्कूटरवर तिघं, बाल्कनीतून दोरीनं खाली सोडलेली टोपली आणि भिंतीभिंतीवर मॅराडोना, देव्हाऱ्यासकट.

पिझ्झेरियाच्या दारात नाव देऊन पाऊण तास उभं राहावं लागलं. टेबल मिळाल्यावर मी मेन्यू उघडला, तर मामीनं तो माझ्या हातून घेतला. वाचता येत नव्हताच. वेटर आल्यावर तिनं त्याच्याकडे बघून, स्वच्छ, "काल्यो नो," म्हटलं. त्याला आधी कळलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, आणि बोटानं माळ दाखवली. आता माळेवरून त्याला काय कळणार? पण तो म्हणाला, "मारिनारा!" आणि गेला.

मारिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल. चीज नाहीच. मार्गेरीता पिझ्झाला १८८९ मध्ये राणीचं नाव मिळालं अशी गोष्ट सांगतात, त्याच्याही आधीपासून नापोलीत चालत आलेला, आणि मेन्यूतला सगळ्यात स्वस्त. आमच्या टेबलावरून भट्टी दिसत होती. लाकडाची, आत साडेचारशे अंशांच्या वर. पोऱ्या लांब फावड्यानं पिझ्झा आत सरकवायचा, एकदा फिरवायचा, आणि दीड मिनिटाच्या आत बाहेर. त्या मिनिटात कडा फुगून वर येते, जळक्या ठिपक्यांची, आपली चुलीवरची भाकरी टम्म फुगते तशी. मधला भाग पातळ आणि ओला. कापून देत नाहीत, सुरी-काटा देतात. मामीनं एक तुकडा कापला, तो मधेच लोंबला, मग तिनं सुरी ठेवून हातानं चतकोर मोडला आणि दुमडून खाल्ला. शेजारच्या टेबलावरचे आजोबा तसंच खात होते.

लसूण पातळ चकत्यांचा, कडेला करपलेला. टोमॅटो आंबटगोड. मामीनं वेटरला पेपेरोंचीनो मागितलं, हा शब्द ती कधी शिकली देव जाणे. त्यानं मिरचीचं तेल आणून दिलं. ते तिनं ओतलं ते बघून तो थांबायची खूण करत होता.

सोबत फ्रियारियेल्ली नावाची पालेभाजी घेतली, मोहरीच्या कुळातली, कडसर, लसूण-मिरचीत परतलेली. मामी म्हणाली, "भाजी बरोबर दिली की यांनी!" दिली नव्हती. मीच एकदम आणायला सांगितली होती.

ज्यांना चीज चालतं त्यांनी मार्गेरीता खावीच, पण म्हशीच्या मोझ्झारेल्लातही वासराचंच रेनेट असतं. ते मी या वेळी मागवायच्या आधी सांगितलं, मामा ऐकत नव्हते तरी.

दिवस सातवा : परत

सकाळच्या गाडीनं रोम, तिथून विमानतळ. लाटणं मामीच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून चेक-इन बॅगेत तिरकं घातलं होतं, एक टोक चेनमधून बाहेर. काउंटरवरच्या मुलीनं ते टोक ओळखलं आणि "बोलोन्या?" एवढंच विचारलं.

विमानात शाकाहारी जेवण सांगितलेलं होतं. भात, वाटाण्याची उसळ, बिस्किटं आणि कागदात गुंडाळलेला चीजचा त्रिकोण. मामीनं चष्मा लावून तो त्रिकोण सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. हिरवा ठिपका नव्हता. मग तो माझ्या ताटात ठेवला.

"हे तुला घे."